वेशीच्या भिंतीपाशी तीस सेकंद

शालन नांगरे माझ्या दारात भांडायला आली, तेव्हा चहात बुडवलेलं बिस्किट तुटून तळाला गेल्यामुळे मी आधीच वैतागलेली होते. त्यामुळे मीही काही गोड बोलले नाही.

"तुमच्या आज्यानं घात केला आमचा," ती उंबऱ्यातूनच म्हणाली.

"माझे आजोबा जाऊन साठ वर्षं झाली. तक्रार करायला उशीर केलास तू."

"मेले म्हनून काय झालं? फोटू हाय की अजून!" तिनं हातातला कागद माझ्यापुढे धरला. नगरपालिकेची नोटीस होती.

शालनला मी चाळीस वर्षं ओळखते. आमच्या कृष्णाकाठच्या गावात जुन्या वेशीच्या भिंतीला लागून सात बुरूड कुटुंबं बसतात, त्यातली वेशीकडून तिसरी जागा तिची. सूप, दुरडी, रोवळी, हारा, जे लागेल ते तिच्याकडूनच घ्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. माझ्या लग्नातल्या दुरड्या तिच्या सासूनं विणलेल्या. लग्न टिकलं नाही, पण दुरड्या अजून धडधाकट आहेत.

नोटीस वाचली आणि तिचा संताप मला कळला. वेशीचा रस्ता नव्यानं बांधायचा होता. झाडं, सावली, चालायला रुंद जागा असा चांगला आराखडा होता आणि त्यात एक चांगला नियमही होता: जो धंदा एकाच जागी शंभर वर्षं चालत आला असेल, त्याला तिथून हलवायचं नाही. तांबटांकडे जुनी खरेदीखतं निघाली, अत्तरवाल्यांकडे संस्थानची सनद. बुरुडांकडे कागद कुठला? आणि समितीकडे मात्र पुरावा होता. द. वि. हळबे यांनी एकोणीसशे चौतीस साली काढलेलं वेशीच्या रस्त्याचं छायाचित्र. ते नगरपालिकेच्या सभागृहात मोठं करून लावलेलं आहे. त्यात भिंत स्वच्छ मोकळी दिसते. तेव्हा शंभर वर्षांपूर्वी तिथे कोणी बसत नव्हतं, सबब बुरुडांनी नव्या संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावर जावं. हरकत असल्यास गुरुवारी सुनावणी.

"तिसऱ्या मजल्यावर वीस फुटी बांबू लिफ्टमदनं न्यायचा का?" शालन म्हणाली. "आन् सुपासाठी वर कोन चढंल? रस्त्यानं जाताना दिसलं तर मानूस घेतंय. तितं गेलो की आमी संपलो, बाई."

द. वि. हळबे म्हणजे माझे आजोबा. त्या फोटोचा मला फार अभिमान. त्यांच्या वहीत त्याची नोंद आहे: 'वेशीचा रस्ता. सकाळी साडेआठ. तीस सेकंद. निर्मनुष्य. उत्तम.' शाळेत पदार्थविज्ञान शिकवताना तीस वर्षं मी हा फोटो मुलांना दाखवत आले. आणि तो 'निर्मनुष्य' शब्द मी एकदाही तपासून पाहिला नव्हता.

"आत ये," मी म्हटलं. "चप्पल राहू दे. तीस सेकंद या गोष्टीत काहीतरी पाणी मुरतंय."

माझ्या मागच्या खोलीत कणमापक आहे. विद्यापीठानं आजोबांच्या फोटोंच्या चारशे मूळ काचा वाचण्यासाठी तो माझ्याकडे ठेवला आहे. शिवणयंत्राएवढं खोकं, आवाज मात्र पिठाच्या गिरणीचा.

तो काय करतो, ते सांगायला हवं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत फोटोवरचा लोकांचा विश्वास पार उडाला. कोणीही उठावं आणि संगणकाला सांगून हवं ते चित्र तयार करून घ्यावं. त्यामुळे कचेरीत फोटो दाखवला की साहेब आधी हसतो. त्याला एकच अपवाद उरला आहे, तो जुन्या काचेचा. काचेवर चांदीचे बारीक कण असतात. जिथे जास्त उजेड पडला तिथे जास्त कण काळे होऊन उरतात. त्यांची जागा नंतर बदलता येत नाही. कणमापक एकेक कण मोजतो. मनाचं काही घालत नाही. माझ्या नात्यागोत्यात इतकं प्रामाणिक कोणी नाही.

आता तीस सेकंद. आजोबांकडे मंद काचा होत्या आणि चित्र लांबवर रेखीव यावं म्हणून ते भिंगाचं तोंड अगदी बारीक करत. मग उजेड पुरेसा आत यायला अर्धा मिनिट लागे. त्या अर्ध्या मिनिटात रस्त्यानं चालणारा माणूस एका ठिकाणी फार तर अर्धा सेकंद असतो. बाकीचे साडेएकोणतीस सेकंद तिथे मागच्या भिंतीचाच उजेड काचेवर पडत राहतो. डोळ्याला माणूस दिसतच नाही. पण भिंतीचा उजेड अर्धा सेकंद अडला, हे खरंच ना? जिथे हजार कण असायला हवेत, तिथे नऊशे त्र्याऐंशी निघतात. हे सतरा कण कोणी खाल्ले, ते शोधायचं. एका ठिकाणी नाही, लाखो ठिकाणी मोजायचं आणि उणीव कुठून कुठे सरकली ते पाहायचं.

शालननं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे पिठात चाळन फिरवल्यागत," ती म्हणाली. आठवी-ब पेक्षा लवकर समजलं तिला.

काच वाचायला दुपार झाली. तोवर ती जमिनीवर बसून राहिली, माझ्या घरातल्या एका रोवळीची सुटलेली कड तिनं बांधून टाकली. मग पडद्यावर रस्ता उमटायला लागला, आणि मी उभीच राहिले.

रस्ता भरलेला होता. सायकलवाला होता, दोन गाई होत्या, हंडा घेतलेली एक बाई होती, कावडवाला होता, टोपी सावरत जाणारे कोणी मास्तर होते. मी एक्केचाळीस माणसं मोजली. आजोबांच्या नाकासमोरून एक्केचाळीस माणसं गेली आणि त्यांनी वहीत लिहिलं, निर्मनुष्य!

"भिंत दावा," शालन म्हणाली.

फोटोत भिंतीच्या खालच्या अंगाला काळपट पट्टा आहे. सगळ्या गावाच्या मते ती ओल. यंत्रानं ती ओल सोडवली आणि तिथे सात आकृत्या निघाल्या. बसलेल्या, गडद लुगड्यातल्या, सावलीत सावली होऊन गेलेल्या बायका. शालननं तोंडावर हात घेतला.

पण काहीतरी चुकलं होतं. प्रत्येक बाईला दोन तोंडं होती. एक डावीकडे वळलेलं, एक उजवीकडे. मधे धूसर. मी यंत्र पुन्हा जुळवलं, पुन्हा तेच. "बिघडलंय," मी पुटपुटले. "एकीचं समजू शकते, सातही जणींचं?"

मागून खुसखुस ऐकू आली. पाहते तर शालन पदर तोंडात धरून हसत होती.

"बिघडलं न्हाई वो बाई. मान हलवत्यात त्या!"

मग तिनं सांगितलं. तिच्या नवऱ्याची आजी ठकूबाई. शालन लग्न होऊन आली तेव्हा म्हातारी ऐंशीच्या पुढं होती, पुढं चार वर्षं जगली. फोटोत माणूस धरला की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आळीतल्या सगळ्या बायकांचं ठाम मत. फोटोवाला आला की उठून पळावं, तर हातातलं काम कोण करणार? म्हणून हात चालू ठेवायचे आणि मान हलवत राहायची. फोटोवाला कॅमेऱ्याचा डबा झाकेपर्यंत.

"मतदान कार्डाचा फोटू काडायला आले तवाबी म्हातारी मान हलवतच बसली. तीन येळा काडला. शेवटी त्यो पोरगा म्हनला, आजी, तुमी मतदान न्हाई केलं तरी चालंल. तिचा एकबी फोटू न्हाई बगा. हार घालायला काय न्हवतं, तर तिची कोयती ठिवली हुती पाटावर."

मी कपाळावर हात मारला. माझ्यासारखीला हे आधीच कळायला हवं होतं. "शालन, झोक्यावर बसलीस कधी? झोका सगळ्यात जोरात कुठे असतो?"

"मदी."

"आणि टोकाला?"

"टोकाला जरासा थांबतोय. मग परततोय."

"तसंच मानेचं. मान मधून भर्रकन जाते, तिथलं काही उमटत नाही. पण दोन्ही टोकांना ती दर खेपेला क्षणभर थांबते. तीस सेकंदांत तीस-चाळीस वेळा थांबली, म्हणजे काचेला तेवढ्याच वेळा तेच तोंड मिळालं. नुसती चालत गेली असती, तर सुटली असती. मान हलवली म्हणून सापडली!" मला इतका आनंद झाला होता की बोलता बोलता मी टाळी वाजवली. "ही दोन अर्धी तोंडं आहेत. यंत्राला सांगितलं की ते मोजून जोडतं, एका दिवसाचं काम. तिसरी बाई म्हणजे ठकूबाईच ना? तिचा चेहरा गुरुवारी सभागृहात मोठा करून लावू. बघू कोण उठवतं तुम्हाला!"

शालन हसायची थांबली होती. ती पडद्यावरच्या तिसऱ्या बाईच्या त्या दोन अर्धवट तोंडांकडे पाहत राहिली.

"म्हंजे सापडलीच शेवटी," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "नगं."

"काय नको?"

"त्योंड जोडू नगा. तिला नगं हुतं."

मी तिला समजावलं. मग वाद घातला. मग आवाज चढवला, तीस वर्षांची सवय. नियमात स्पष्ट लिहिलं होतं, व्यक्ती आणि व्यवसाय ओळखता येईल असा पुरावा हवा. सात काळ्या आकृत्या दाखवून समिती मानणार नव्हती. वाटसरू सावलीला टेकले असतील म्हणाले तर? "सात घरांच्या पोटावर पाय येतोय आणि तू मेलेल्या बाईची मर्जी सांभाळतेस? तिला आता काय फरक पडतो?"

"मला पडतोय," शालन म्हणाली. "जल्मभर एकच गोष्ट तिनं कुनाला दिली न्हाई. ती आमी आमच्या गरजंपायी इकायची का?" ती उठली, दाराशी थांबली. "तुमच्या आज्यानंबी तिला इचारलं न्हवतं, बाई."

ती गेली आणि माझा जो तिळपापड झाला, तो सांगता सोय नाही. अडाणीपणा, दुसरं काय! मुख्य म्हणजे शेवटचं वाक्य लागलं होतं. रागाच्या भरात मी यंत्राला ठकूबाईचा चेहरा जोडायचा हुकूम देऊन टाकला. एकदा समोर आला की शालनही विरघळेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला तो चेहरा पाहायचाच होता. जगात कोणी न पाहिलेली गोष्ट पहिल्यांदा आपण पाहावी, हा हावरटपणा आमच्या घराण्यात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला शालन परत आली. हातात आदल्या दिवशी माझ्याकडून नेलेली दुसरी रोवळी होती, दुरुस्त केलेली. भांडण झालं तरी हाती घेतलेलं काम अर्धं ठेवायचं नाही, ही तिची रीत. यंत्र घरघरत होतं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता, अजून दोन तास. तिला वाचता येत होतं, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतंच. पडद्यावर भिंतीचा अगदी तळ दिसत होता, कारण यंत्र मापासाठी तोच समोर धरून ठेवतं. तिथे दगडांची एक ओळ आहे. भिंतीची सावली त्या दगडांच्या अलीकडेच संपत होती आणि दगडांवर सकाळचं ऊन होतं, म्हणून ते पांढरे दिसतात. सभागृहातल्या फोटोतही ते साध्या डोळ्यांना दिसतात. मी लहानपणापासून पाहत आले आहे.

शालन रोवळी हातात घेऊन तशीच वाकली.

"बाई, ह्ये दगड कोन म्हनलं?"

"सगळेच म्हणतात. दगडच आहेत."

"पाय हैत ह्ये."

"शालन, काहीतरी बोलू नकोस. मान हलते, हात हलतात, तर पाय इतके स्पष्ट कसे—" आणि मी बोलता बोलता थांबले.

तिनं चप्पल काढली, खाली बसली आणि रोवळी उलटी करून तिच्या बुडावर डावा पाय घट्ट रोवला. बांबूची एक कामटी अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या चिमटीत धरली. "आमचा पाय म्हंजे तिसरा हात. बूड इनताना पाय हालला तर समदं इस्कटतंय. मान हलू द्या, हात हलू द्या, आभाळ पडू द्या. पाय न्हाई हालत."

तीस सेकंद. सात बायका. सगळं अंग हलत असताना प्रत्येकीचा एक पाय दगडासारखा स्थिर. आणि त्याला आम्ही एकशे चार वर्षं दगड समजत आलो!

मी तिसऱ्या दगडावर यंत्राचं भिंग नेलं. कण दाट होते, चित्र लख्ख उघडलं. पाचही बोटं. बोटात जोडवी. चिमटीत कामटीचं टोक. करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली आणि अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा चांगलं लांब.

 शालननं बोट पुढे केलं, पडद्याला लागेल न लागेल असं.

"ह्यो तिचाच. चार वर्सं रोज चेपलाय मी ह्यो पाय. ती करंगळी सोडवून तेल लावायला लागायचं. आन् ह्ये लांब बोट, आसली बाई नवऱ्याला दाबात ठिवती म्हन्त्यात. हिनं ठिवला हुता!" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चेहरा सुरकुत्यांचाच बगितला मी. तरनेपनीचा मला वळखलाबी नसता. पाय वळखला."

कोपऱ्यातला आकडा एक तास अठ्ठावन्न मिनिटं दाखवत होता. मला माझीच लाज वाटली. मी हात पुढे करून जोडणी थांबवली आणि जितकी झाली होती तितकी पुसून टाकली. मग तिला सांगितलं, काय चालवलं होतं ते. न सांगताही चाललं असतं, पण नाही राहवलं.

शालननं पडद्याकडे निरखून पाहिलं. "पुसलं न्हवं?"

"पुसलं."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. पण रोवळी मला हातात न देता तिनं खाली ठेवली, तेवढं मला कळलं.

गुरुवारी सुनावणीला रस्ते विभागाचा इंजिनिअर सागर थोरवडे अध्यक्ष होता. माझा विद्यार्थी. लंबकाच्या प्रकरणात नापास झालेला. मी कणांची मोजणी मांडली, झोक्याचा दाखला देऊन हलत्या माना समजावल्या, पाय दाखवले आणि त्यातला ठकूबाईचा पाय शालननं ओळखल्याचं सांगितलं. समितीतले एक निवृत्त वकील म्हणाले, "बाई, चेहरे नाहीत यात. यंत्रातून निघत नाहीत का?"

"निघतात," मी म्हटलं. "काढलेले नाहीत. त्या बायका मान हलवून नको म्हणत होत्या, आणि तेही मोजणीत आलेलं आहे. ती मोजणी अहवालात जोडली आहे."

वकीलसाहेबांनी चष्मा वर केला. "पण पाय कोणाचेही असतील. कोणी दमून बसलं असेल. विणकामच चाललं होतं, हे कशावरून?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते. शालननं माझी वाट पाहिली नाही. ती उठली, सभागृहाच्या मधोमध फरशीवर बसली, पिशवीतून कामट्या काढल्या आणि टोपलीचं बूड धरलं. पाय रोवला. कामटी चिमटीत अडकवली. हात चालू झाले. कामट्यांचा सपसप आवाज सभागृहभर येऊ लागला. समितीचे पाचही जण एकदा पडद्यावरच्या पायाकडे पाहत, एकदा खालच्या पायाकडे. तोच कोन. तीच चिमटी. कामटीचं टोक त्याच बाजूला निघालेलं.

"दमून बसल्यावर आसा पाय ठिवून बगा की," शालन मान वर न करता म्हणाली. "पाच मिंटात वांब येतील."

वकीलसाहेबांनी खरोखर टेबलाखाली पाय वाकडा करून पाहिला. मी पाहिलं ते. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि समोरची फाइल मिटली.

थोरवडे मला म्हणाला, "बाई, टोकाला थांबतो तो झोका, हे तुम्ही तेव्हा असं शिकवलं असतं तर पास झालो असतो."

"तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं रे," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

भिंतीच्या सातही जागा आराखड्यात कायम झाल्या. तिथे झाड लावायचं होतं, ते चार फूट सरकवलं. ठरावात लिहिलं गेलं, 'ठकूबाई नांगरे व इतर सहा'. हे 'इतर सहा' मात्र आळीला पटलं नाही. पुढच्या आठवड्यापासून माझ्याकडे म्हाताऱ्या माणसांची रीघ लागली. कोणाला आजीचा टाचेवरचा व्रण आठवत होता, कोणाला आईनं सांगितलेली पायातली जाड वाकी. आतापर्यंत चार पायांना नावं मिळाली आहेत. पुण्याहून एक नातू आला, त्याला चेहराच हवा होता, हट्टच धरून बसला. मी त्याला त्याच्या पणजीची हलणारी मान दाखवली. तो तासभर पाहत बसला आणि पाय घेऊन गेला.

शालन महिनाभर माझ्याकडे फिरकली नाही. मग एके सकाळी निरोप आला, बाईंना घरी बोलावलंय.

चाळीस वर्षांत मी तिच्या घरी कधी गेले नव्हते. तीच आमच्याकडे येई, दारातून देई, दारातून घेई. आमच्याकडची रीतच तशी, आणि मीही ती कधी मोडली नव्हती. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे ते आहे. आत ठकूबाईच्या श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. भिंतीशी पाट मांडला होता आणि पाटावर चौकटीत बसवलेला तो पाय होता. जोडव्यांवर हळदीकुंकू लावलेलं. घरातली पोरंसोरं एकेक करून वाकत होती.

"चालेल का गं तिला?" मी दबक्या आवाजात विचारलं. "हाही फोटोच की."

"मी लई इचार केला त्याचा," शालन म्हणाली. "त्योंड दिलं न्हाई तिनं कुनाला. पर पाया पडायला कुनी आलं, तर म्हातारी हातातलं काम ठिवायची आन् पाय पुढं करायची. कुनीबी येऊ द्या. कुनालाबी."

ती बाजूला सरकली. "या की, बाई."

मी हळब्यांची नात. माझ्या आजोबांनी ज्यांना तीस सेकंद समोर पाहून निर्मनुष्य म्हटलं, त्यांच्या घरात उभी होते. पदर सावरला, गुडघे कुरकुरले, आणि मी ठकूबाईंच्या पायावर डोकं ठेवलं.